मागच्या बाकावरचे उत्तर

तास संपत आला की शिक्षक फळ्याकडून वर्गाकडे वळतात आणि विचारतात, "समजले ना?" वर्गातून एका सुरात लांबलचक "हो" उमटते. हा संवाद आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या होकारात पहिल्या दोन बाकांवरील मुलांचा आवाज तेवढा खात्रीचा असतो. उरलेल्यांनी आपला सूर त्यात मिसळलेला असतो. ज्याला समजलेले नाही तो पन्नास सोबत्यांदेखत "नाही" म्हणण्याचे धाडस करीत नाही. आणि आपल्याला समजलेले नाही हेच ज्याला ठाऊक नसते, तो तर अगदी मनापासून "हो" म्हणतो. शिक्षकालाही हे उमगत नाही असे नाही. परंतु अभ्यासक्रम पुढे न्यावयाचा असतो, घंटा व्हायची असते, आणि त्या होकाराची शहानिशा करण्याचे साधन हाताशी नसते. शहानिशा होते ती घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांत. तोवर धडा मागे पडलेला असतो आणि चूक मात्र मुलाच्या मनात पक्की बसलेली असते.

परस्परसंवादी ऑनलाइन साधनांचा विचार करावयाचा तो या जागेवरून. विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरे क्षणात एकत्र करून दाखविणारी गूगल फॉर्म वा 'कहूत' यांसारखी साधने, भूमितीच्या आकृत्या हलवून पाहू देणारे 'जिओजेब्रा', विजेचे मंडल पडद्यावर जोडू देणाऱ्या 'फेट'च्या प्रतिकृती, अशी अनेक साधने आज शिक्षकाला विनामूल्य अथवा अल्प मोलात मिळू शकतात. ती वापरण्याची पहिली पायरी म्हणजे कोणते बटण कोठे आहे हे शिकणे, असा समज सार्वत्रिक आहे. प्रशिक्षणवर्गांतूनही बहुधा तेवढेच शिकविले जाते. वस्तुतः पहिली पायरी याहून अवघड आहे. आपण शिकविलेल्या गोष्टीचे वर्गात काय झाले, हे त्याच तासाला उघड्या डोळ्यांनी पाहण्याची तयारी, ही ती पायरी होय.

एकेरी वाहतूक

यंत्राच्या साहाय्याने शिक्षण देण्याचे प्रयोग आपल्या देशाला नवे नाहीत. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिच्या कार्यक्रमांवर मराठी मुलांची एक पिढी वाढली, आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली. १९८४ मध्येच केंद्र सरकारने 'क्लास' या नावाचा प्रकल्प हाती घेऊन निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' जातीचे संगणक दिले. पुढे क्रमिक पुस्तकांच्या पानांवर क्यूआर संकेत छापले गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा या कल्पनेत मोठा वाटा होता. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा एका लहानशा खेड्यातील शाळेची वार्ता जगभर गेली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाची सुरुवात झाली.

या सर्व प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांतील बहुतेकांची दिशा एकच होती, हेही नोंदविले पाहिजे. ज्ञान तिकडून येते आणि मूल ते ऐकते किंवा पाहते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा या एकेरी वाहतुकीची मर्यादा घरोघर दिसली. शिक्षकाने चित्रफीत पाठवावयाची, पालकाच्या फोनवर ती उतरवून घ्यावयाची, आणि मुलाने गृहपाठाचे छायाचित्र उलट टपाली धाडावयाचे, असा क्रम सुरू झाला. पडद्यावर चौकोनी खिडक्यांतून दिसणारी मुले आवाज बंद करून बसलेली असत. प्रत्यक्ष वर्गात निदान चेहरे वाचता येत होते. येथे तेही गेले. त्या काळात ज्या शिक्षकांनी प्रथमच एखादा छोटा प्रश्नसंच तयार करून पाठविला आणि त्यावर आलेली उत्तरे रात्री बसून पाहिली, त्यांपैकी अनेकांना आपल्या वर्गाचे एक निराळेच दर्शन घडले. ज्या मुलाचा आवाज वर्षभर ऐकला नव्हता त्याचेही उत्तर तेथे होते.

हार्वर्डमधील धडा

असे दर्शन केवळ आपल्याकडच्या शिक्षकांनाच घडते असे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझुर हे पदार्थविज्ञान शिकवीत. विद्यार्थी निवडक, प्राध्यापक लोकप्रिय, परीक्षेचे निकाल उत्तम. १९९० मध्ये हॅलून आणि हेस्टिनिस या दोन अभ्यासकांचे काही वर्षांपूर्वीचे लेख त्यांच्या वाचनात आले. विद्यार्थी न्यूटनचे नियम घोकतात, त्यांवरील गणितेही सोडवितात. परंतु गतीसंबंधीच्या त्यांच्या मूळ समजुती शिकविल्यानंतरही फारशा बदलत नाहीत, असे त्या लेखांचे प्रतिपादन होते. आपल्या वर्गात असे काही नसणार, या विश्वासाने मॅझुर यांनी तीच चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे ते साधे प्रश्न होते. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, उत्तर तुम्ही शिकविले त्याप्रमाणे द्यावयाचे की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे?

शिक्षकाला याहून अस्वस्थ करणारा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. मॅझुर यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची उत्तरे चुकली. वर्गात त्यांनी एका प्रश्नाचे स्पष्टीकरण दिले, पुन्हा दिले, तरी चेहरे कोरेच राहिले. अखेर त्यांनी विद्यार्थ्यांना आपसांत चर्चा करावयास सांगितले आणि थोड्याच वेळात मुलांनी परस्परांना ते समजावून दिले. या अनुभवातून १९९१ पासून त्यांची 'सहाध्यायींकडून शिक्षण' ही पद्धत आकाराला आली. थोडा वेळ शिकवावयाचे, मग पर्याय असलेला एक प्रश्न, प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर द्यावयाचे, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. बरोबर उत्तरे तीस टक्क्यांहून कमी असली तर भाग पुन्हा शिकवावा. तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असली तर चर्चा घडवावी. त्याहून अधिक असली तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे, असा साधारण दंडक. आरंभी हे मतदान हात वर करून वा कागदी पट्ट्या दाखवून होत असे; विजेवर चालणारी उपकरणे नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रश्न आधी होता, यंत्र त्याच्या मागून आले.

चुकीचा पर्याय कसा असावा

हा क्रम उलटा झाला की साधन निष्फळ होते. प्रश्नमंजूषा तयार करण्यास आज पाच मिनिटे लागतात, परंतु चांगला प्रश्न तयार करण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. सहावी-सातवीच्या गणितातील एक उदाहरण घ्यावे. दशांश अपूर्णांक शिकवून झाले आहेत आणि शिक्षकाने विचारले आहे : ०.४, ०.६५ आणि ०.१२५ यांतील सर्वांत मोठी संख्या कोणती?

वरकरणी हा प्रश्न अगदी साधा आहे. परंतु त्यातील प्रत्येक पर्यायामागे एक विचार दडलेला आहे. जे मूल ०.१२५ म्हणते, ते दशांशचिन्हापुढील अंकांना पूर्ण संख्या समजत आहे. १२५ ही ६५ हून मोठी, एवढाच त्याचा हिशेब आहे. जे ०.४ म्हणते, त्याची चूक अधिक सूक्ष्म आहे. दशांशाहून शतांश लहान आणि शतांशाहून सहस्रांश लहान, हे त्याने नीट ऐकलेले आहे. त्यावरून जितके अंक अधिक तितकी संख्या लहान, असा नियम त्याने स्वतःच बांधला आहे. शिक्षकाने सांगितले त्याचाच हा एक वाकडा फाटा होय. आता हाच प्रश्न ०.७, ०.३५ आणि ०.१२५ या संख्या घेऊन विचारला असता, तर हे दुसरे मूल चुकीच्या वाटेने जाऊन बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले असते, त्याला पूर्ण गुण मिळाले असते, आणि त्याच्या समजुतीतील तिढा कोणाच्या ध्यानीही आला नसता.

पडद्यावर उत्तरांचे स्तंभ उभे राहतात तेव्हा शिक्षकाने पाहावयाचे ते हे. वर्गातील निम्मी मुले चुकली, ही माहिती फारशी उपयोगाची नाही. परीक्षाही ती देतेच. चुकलेल्यांपैकी कोण कोणत्या वाटेने गेले, ही माहिती अमोल आहे. कारण उद्याचा तास तिच्यावर उभारता येतो. पहिल्या गटाला दहाचा पट्टा शंभर भागांत कापून दाखवावा लागेल, दुसऱ्याला ०.४ आणि ०.४०० यांची तुलना करावयास सांगावी लागेल. एकच धडा पुन्हा मोठ्या आवाजात सांगून दोघांचेही काम होणार नाही.

हलत्या आकृत्यांच्या बाबतीतही हेच खरे आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात 'जिओजेब्रा'चा आरंभ केला. भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' प्रकल्प सुरू केला, आणि त्यातील अनेक प्रतिकृती मराठीतही उपलब्ध आहेत. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढीत नेला तरी तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे पडद्यावर पाहणे मौजेचे आहे. परंतु बिंदू ओढण्यापूर्वी "आता बेरजेचे काय होईल?" हे प्रत्येकाने वहीत लिहिले नसेल, तर ती मौज जादूच्या प्रयोगासारखी पाहून विसरली जाते. ज्याने आधी आपला अंदाज बांधला आहे त्यालाच तो चुकल्याचे आश्चर्य वाटते, आणि शिकण्याची सुरुवात बहुधा त्या आश्चर्यातच असते.

पहिल्या दिवसाची भीती

वीस-पंचवीस वर्षे खडूने शिकविलेल्या शिक्षकाच्या मनात या सर्वाविषयी धास्ती असते, आणि तिची थट्टा करणे योग्य नाही. जोडणी तुटेल, पडदा काळा होईल, परवलीचा शब्द आठवणार नाही, आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू येईल; ही भीती खरी आहे. आपल्या परंपरेत शिक्षक हा जाणता. त्याने न अडखळता उत्तर द्यावयाचे असते. यंत्रापुढे अडखळणे म्हणजे जाणतेपणाला बाध, असे त्याला वाटते.

प्रत्यक्षात मात्र असे दिसते की, शिक्षकाने मोकळेपणाने "हे कसे जोडावयाचे, कोणी दाखवील का?" असे विचारले, तर वर्गाचे मन दुरावत नाही. उलट एरवी ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असा एखादा मुलगा पुढे येतो, दोन तारा जोडतो आणि त्या दिवसापुरता ताठ मानेने जागेवर जातो. विद्यार्थ्यांना जो दुर्लभ पाठ सहसा मिळत नाही तो येथे मिळतो. मोठी माणसेही शिकत असतात आणि शिकताना चुकतात, हे ती पाहतात. चूक करण्यात लाज नाही असे शंभरदा सांगण्यापेक्षा हे एकदा दिसणे अधिक परिणामकारक ठरते.

म्हणून प्रारंभ लहान असावा. महिन्याभरात चार साधने शिकण्यापेक्षा एकाच साधनावर, आठवड्याला एक प्रश्न, तासाच्या मध्यावर विचारून पाहावा. नावे पडद्यावर दाखवू नयेत. सर्वांत आधी चुकीच्या उत्तरांविषयी बोलावे, आणि "हे उत्तर ज्याने दिले त्याने काय विचार केला असेल?" असे वर्गालाच विचारावे. शर्यतीपासून मात्र जपावे. २०१३ मध्ये नॉर्वेत सुरू झालेल्या 'कहूत'चा खेळ मुलांना अतिशय प्रिय आहे. परंतु त्याच्या नेहमीच्या रीतीत जो लवकर उत्तर देतो त्याला अधिक गुण मिळतात. उजळणीसाठी हे ठीक आहे. नवी संकल्पना शिकविताना मात्र घड्याळ लावले की सावकाश विचार करणारे मूल पुन्हा मागच्या बाकावर जाते, आणि पहिल्या बाकाचे राज्य नव्या रूपात सुरू होते.

ज्यांच्याकडे फोन नाही

या विचारावर एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो रास्त आहे. ज्या घरात एकच फोन आहे, आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो, तेथील मुलाने काय करावे? साथीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याने कितीतरी मुले अभ्यासापासून तुटली. नव्या साधनाने मागच्या बाकाला वाचा मिळावयाची, तर ज्याच्याकडे साधनच नाही तो बाकावरूनही उठविला गेला, असे होता कामा नये.

या बाबतीत महाराष्ट्राला आपलाच एक वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात काम करताना पाहिले की, आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेच्या सोयीने येत नसेल तर शाळेने मुलाच्या सोयीने जावे, हे तत्त्व यंत्रयुगातही बदललेले नाही. 'प्लिकर्स' या साधनात प्रत्येक मुलाच्या हाती केवळ एक छापील कागद असतो. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाने आपल्याला पटलेली बाजू वर धरावयाची आणि शिक्षकाने एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवावयाचा. सर्वांची उत्तरे नोंदली जातात. प्रत्येकाच्या कागदावरील नक्षी निराळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याचीही सोय राहत नाही.

तोही एक फोन नसेल तर? तर पाटी आहे. तोंडी हिशेब घालावयाचा, मुलांनी उत्तर लिहून पाट्या पालथ्या ठेवावयाच्या आणि गुरुजींनी "पाट्या वर" म्हणताच सर्वांनी त्या एकदम उचलावयाच्या, ही आपल्या जुन्या शाळांतील रीत होती. प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, एकाच क्षणी, शिक्षकाच्या नजरेसमोर! परस्परसंवादी साधनाची व्याख्या याहून वेगळी ती काय? पाट्यांवरील उत्तरे पुसली जात आणि नवे साधन ती जपून ठेवते, एवढाच काय तो फरक आहे.

आकडे कोणासाठी?

हा फरक मात्र लहान नाही, आणि धोकाही नेमका तेथेच आहे. उत्तरे जपली जातात म्हणजे ती कोणीतरी मागू शकतो. आपल्याकडील बहुसंख्य शिक्षकांचा 'ऑनलाइन' या शब्दाशी आलेला संबंध मुख्यतः 'सरल', 'यू-डायस प्लस' अशा प्रणालींत माहिती भरण्याचा आहे. माहिती खालून वर जाते. वरून पुढची मागणी येते. उद्या वर्गातील प्रश्नमंजुषाही याच वाटेने गेली, किती शिक्षकांनी किती प्रश्नसंच घेतले याचे तक्ते मागविले जाऊ लागले, तर काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. प्रश्न सोपे होतील, स्तंभ उंच होतील, अहवाल देखणे होतील, आणि वर्गातील "हो" आता टक्केवारीत उमटेल. ज्या साधनाने शिक्षकाला खरे सांगावयाचे, तेच खोटे बोलू लागेल.

मुलांच्या चुका ही त्यांची खासगी बाब आहे, याचेही भान असावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. कायद्याची भाषा दूर ठेवली तरी साधा विवेक सांगतो की, सातवीतल्या मुलाने अपूर्णांकात केलेली चूक त्याच्या नावानिशी कोठेतरी साठत राहण्याचे कारण नाही. जेथे टोपणनावाने वा क्रमांकाने काम भागते तेथे नाव मागू नये.

शिक्षणखात्याने आणि संस्थाचालकांनी या कामी खरोखर साहाय्य करावयाचे असेल, तर नव्या यंत्रांइतकीच एका जुन्या वस्तूची तरतूद त्यांनी करावी. ती वस्तू म्हणजे वेळ. एकाच विषयाच्या दोन शिक्षकांना आठवड्यातून एक मोकळा तास एकत्र मिळाला, त्यांनी त्या तासाला मुलांची चुकीची उत्तरे समोर ठेवून पुढचा पाठ आखला, आणि त्या बैठकीचा अहवाल कोणीही मागितला नाही, तर प्रशिक्षणाच्या अनेक सत्रांनी जे साधत नाही ते साधेल. पुढेही कोणता पर्याय निवडला गेला एवढेच यंत्र सांगेल. तो का निवडला, हे जाणण्यासाठी शिक्षकाला मुलाच्या शेजारी बाकावर बसूनच विचारावे लागेल. मात्र पन्नासांपैकी कोणाच्या शेजारी आज बसावयाचे, हे त्याला प्रथमच नेमके कळलेले असेल. मागच्या बाकावरील मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.